फ्लॉरेन्समध्ये पाऊस पडला तर

माझ्या लॅपटॉपवर ‘फ्लॉरेन्स फायनल ७’ नावाची एक एक्सेल फाइल आहे. तिच्यात पाच शीट्स आहेत. पहिल्या चारांत विमानं, हॉटेल, रोजचा कार्यक्रम आणि शाकाहारी जेवणाची ठिकाणं. पाचव्या शीटचं नाव ‘पाऊस’.

फ्लॉरेन्समध्ये ऑक्टोबरात पाऊस पडतो असं मी वाचलं होतं. तसा तो पडलाच, तर वडिलांना घेऊन छपराखाली कुठे कुठे जाता येईल, अशी अकरा ठिकाणं त्या शीटमध्ये आहेत. नदीकाठची मोठी चित्रगॅलरी. जुन्या दुर्बिणी मांडलेलं विज्ञानाचं संग्रहालय. खोल्याखोल्यांच्या भिंती रंगवलेला एक मठ. शेकडो वर्षं चालू असलेलं औषधांचं दुकान. छप्पर असलेली मंडई. प्रत्येक ठिकाणापुढे रकाने: कधी उघडतं, कोणत्या वारी बंद, तिकीट आधी काढावं लागतं का, ओली छत्री कुठे ठेवायची, बसायला बाकं आहेत का, टॉयलेट कोणत्या मजल्यावर, व्हीलचेअर मिळते का, आणि शेवटी ‘किती वेळ हवा’. नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये मी चौदा वर्षं राहतोय, आणि ऑफिसात माझं कामच हे आहे: सिस्टिम बंद पडली तर पुढे काय, हे आधी लिहून ठेवणं. त्या शीटचा मला फार अभिमान होता. दोन मित्रांनी ती मागून घेतली आणि ते आपापल्या आईवडिलांना घेऊन फ्लॉरेन्सला जाऊनही आले.

माझे वडील सांगलीकडच्या एका गावात, हायस्कूलमध्ये ड्रॉइंगचे मास्तर होते. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुलं बसवायची, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, आणि उरलेल्या वेळात इतर सरांचे ऑफ तास घ्यायचे, अशी नोकरी. त्यांच्या वर्गातल्या कपाटात प्लास्टरचा एक पाय होता. घोट्यापासून खालचा, खऱ्या पायाच्या तिप्पट मोठा. मुंबईच्या कुठल्याशा कलाशाळेने मोडीत काढलेला, संस्थेच्या कोणा जुन्या अध्यक्षांनी आणून दिलेला. त्याच्या अंगठ्याचा टवका उडालेला होता आणि बाबा दर जूनमध्ये तो प्लास्टर लावून नीट करत. गावातल्या दोन पिढ्यांनी तो पाय पेन्सिलीने काढला. मीही काढला, आणि फार वाईट काढला. बाबा वर्गात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. ‘आहे ते काढू नका, दिसतं ते काढा.’

हा पाय फ्लॉरेन्समधल्या एका उंच संगमरवरी पुतळ्याचा आहे हे त्यांना ठाऊक होतं. पुतळ्याचा फोटोही त्यांनी पाहिलेला होता. पण रिटायर झाल्यापासून त्यांनी एक गोष्ट मनात धरली होती. आई होती तेव्हा ती हसायची. बाबा म्हणायचे, ‘आयुष्यभर पायच शिकवला. त्या पायावरचा माणूस एकदा समोर उभं राहून बघायचाय.’ दुसरी कुठलीही हौस त्या माणसाने आम्हाला कधी सांगितली नाही.

आई गेल्यावर दोन वर्षांनी त्यांचे शाळेतले सोबती, भूगोलाचे सर, युरोपच्या टूरला निघाले. पुण्याची टूर, मराठी टूर मॅनेजर, रोज वरणभात. या काकांनी बाबांचंही नाव घातलं. टूर मे महिन्यात होती. बाबांनी मला फोनवर सांगितलं, आणि त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

मी नाक मुरडलं. ‘बाबा, हे टूरवाले फ्लॉरेन्सला किती वेळ देतात माहितेय का?’

त्यांनी माहितीपत्रक बघून सांगितलं, ‘अर्धा दिवस. पुतळ्यापाशी चाळीस मिनिटं.’

‘चाळीस मिनिटं! बसमधून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसमध्ये. तुम्ही कॅन्सल करा ते. मी नेतो ना तुम्हाला प्रॉपर. आठ दिवस, फक्त फ्लॉरेन्स. ऑक्टोबरमध्ये इथे या, इथूनच जाऊ.’

त्यांनी माहितीपत्रक मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, ‘तुला जमेल का?’

‘न जमायला काय झालं?’

त्यांनी टूर कॅन्सल केली. बाबांनी आजवर माझं जे जे ऐकलं, त्यातलं हे एक त्यांनी ऐकायला नको होतं.

खरं तर काय होऊ शकतं ते मला ठाऊक होतं. माझ्या पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का त्या वर्षाच्या फेब्रुवारीतच संपत होता. शिक्का संपला तरी इथे राहून नोकरी करता येते. मात्र एकदा देशाबाहेर पडलं की नवा शिक्का मारून घेतल्याशिवाय आत येता येत नाही, आणि त्यासाठी महिनोन् महिने लटकलेले लोक माझ्या ऑफिसातच होते. पण आमचा ग्रीन कार्डाचा अर्ज गेला होता. त्या अर्जासोबत प्रवासाचा एक परवाना मिळतो. तो सप्टेंबरपर्यंत हातात येईल असं मी धरून चाललो. पावसाची सोय करणाऱ्या माणसाने या परवान्यासाठी मात्र शीट केली नव्हती. मुलाने बापाला युरोप दाखवायचा, ही ऐट डोक्यात बसली होती, आणि ऐटीपुढे मला दुसरं काही दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये बाबा आले. तिकीट काढताना मी त्यांच्या नावापुढे व्हीलचेअरच्या चौकटीत खूण केली होती. आमच्यातले सगळे करतात. म्हाताऱ्या माणसाला इंग्रजीची अडचण, लांबलचक रांगा, गेट बदलतात. व्हीलचेअर लावली की कोणीतरी थेट दारापर्यंत आणून सोडतो. बाबा रोज पहाटे गावाबाहेरच्या टेकडीवर चढून येणारे गृहस्थ. बाहेर आले तेव्हा ढकलणाऱ्या बाईला त्यांनी हात जोडून नमस्कार केला, खुर्चीतून ताडकन उठले आणि आपली बॅग स्वतः उचलली. गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, ‘पुन्हा असं करू नकोस.’ मी हसण्यावारी नेलं.

मॉरिसव्हिलमध्ये गाडी न चालवणाऱ्या माणसाला पावसात कुठेच जाता येत नाही. आमच्या सब-डिव्हिजनच्या, म्हणजे वसाहतीच्या, टोकाला तळं, तळ्याला एक फेरी, संपलं. पाऊस असला की बाबा खालच्या खोलीत मागच्या खिडकीशी बसून चित्रं काढायचे. एकदा म्हणाले, ‘तुझ्या घराची चौकट वाकलीय रे. मधे पोट आलंय.’

मी मीटिंगमध्ये होतो. हेडफोन बाजूला करून म्हणालो, ‘लाकडाची घरं आहेत बाबा. सेटल होतात.’

‘आता झाडापाशीही वाकडं दिसतंय.’

‘चष्म्याचा नंबर वाढला असेल. इथे डोळे दाखवायचे म्हणजे ताप आहे. जानेवारीत परत जाताय ना, तिकडे दाखवा.’

हेही आमच्यातले सगळे करतात. दात, डोळे, गुडघे, सगळं ‘तिकडे गेल्यावर’. बाबा बरं म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले. संध्याकाळी मुलीने ते चित्र चुंबकाने फ्रिजवर लावलं. ‘Aajoba, the window looks like it’s melting. It’s so cool,’ ती म्हणाली. आजोबांना इंग्रजी कळलं असावं, कारण ते हसले नाहीत.

सप्टेंबर संपला, परवाना आला नाही. निघायला नऊ दिवस राहिले तेव्हा वकिलाची मेल आली: बाहेर पडू नका, पडलात तर परत येण्याची खात्री देता येणार नाही. बायकोचे कागद माझ्याच कागदांना बांधलेले, म्हणजे तीही अडकलेली. घरात जगात कुठेही जाऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती, इथेच जन्मलेली आमची बारा वर्षांची मुलगी. मी जेवणाच्या टेबलावर बाबांना सगळं समजावून सांगितलं. इमिग्रेशनच्या गोष्टी आईवडिलांना सांगताना आपला आवाज डॉक्टरसारखा होतो, तसा तो झाला होता.

बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘म्हणजे तुला जाता येत नाही.’

‘हो.’

‘माझ्या पासपोर्टवर त्यांचा शिक्का आहे?’

होता. युरोपचा व्हिसा त्यांनी टूरसाठीच काढलेला होता, आणि चांगला लांब मुदतीचा मिळाला होता.

‘मग मी जातो. तू एवढं सगळं लिहून ठेवलंयस. कागद हातात असला की झालं.’

बायको म्हणाली, ‘खरंच, बाबा जाऊ शकतील. हॉटेल बुक आहे, तिकीट आहे.’

‘एकटे?’ मी म्हणालो. ‘यू मस्ट बी जोकिंग. बाबा, तुम्हाला एअरपोर्टवर व्हीलचेअर लागते.’

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. ‘व्हीलचेअर तू लावलीस. माझे पाय धड आहेत.’

मला राग आला. कशाचा ते आज सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. माझ्याशिवाय त्यांचं चालेल, हे मला सहन होत नव्हतं. मी भाषा, चोर, औषधं, रस्ता चुकणं असं सगळं काढलं. ऑफिसात जोखमींची यादी वाचतो तशी वाचली. शेवटी म्हणालो, ‘तिथे तुम्हाला काही झालं तर मला येतासुद्धा येणार नाही, कळतंय का?’ एवढं एक खरं होतं, आणि त्याच्यापुढे बाबांनी हात टेकले.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘पुढच्या वर्षी.’

मी त्याच रात्री सगळं कॅन्सल केलं आणि फाइलचं नाव बदलून ‘फायनल ७’ केलं, पुढच्या वर्षासाठी.

ज्या आठवड्यात आम्ही फ्लॉरेन्सला असणार होतो, नेमका त्याच आठवड्यात समुद्राकडून एक वादळ येऊन आमच्यावर बसलं. पाच दिवस पाऊस. मुलीची शाळा ऑनलाइन, माझं ऑफिस घरून. मला आत कुठेतरी टोचत होतं, म्हणून मी एक शक्कल काढली. पाचवं शीट उघडलं आणि म्हणालो, बाबा, आपण घरबसल्या जाऊ. बऱ्याच संग्रहालयांचे व्हिडिओ असतात, खोल्यांतून फिरवणारे. फॅमिली रूममधल्या मोठ्या टीव्हीवर लावले. पहिल्या दिवशी मठ, दुसऱ्या दिवशी दुर्बिणी. बायकोने भजी तळली. बाबा सोफ्यावर पुढे सरकून बसायचे आणि मान थोडी तिरकी करून बघायचे. म्हातारी माणसं बसतात तसे बसलेत, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी पुतळा. कॅमेरा लांब दालनातून पुढे पुढे गेला आणि समोर तो उभा. मी व्हिडिओ थांबवला. बाबा उठले, टीव्हीपाशी गेले, उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले.

‘चेहरा पुसट आहे.’

‘वायफाय स्लो आहे बाबा, या पावसात. थांबा, क्लिअर होईल.’

आम्ही थांबलो. माझ्या बाजूने पुतळ्याच्या केसांच्या बटासुद्धा स्पष्ट दिसत होत्या. मला वाटलं, आता त्यांनाही दिसत असेल.

‘झालं का?’ मी विचारलं.

‘झालं,’ ते म्हणाले. मग त्यांनी पडद्यावरच्या पायाकडे बोट केलं, आणि ते बोट पायाच्या चांगलं चार इंच बाजूला टेकलं. ‘अंगठा शाबूत आहे याचा,’ म्हणाले, आणि जागेवर जाऊन बसले. मला फोन आला आणि मी वर निघून गेलो. त्या बोटाची आठवण मला तेव्हा चार दिवसही राहिली नाही. आता ती जात नाही.

जानेवारीत ते परत गेले, या वेळी व्हीलचेअरशिवाय. घर आवरणं, आईचं श्राद्ध, भाच्याचं लग्न, यात मार्च उजाडला. मग भूगोलाचे काका त्यांना सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, कारण बाबा रस्त्यात त्यांच्या समोरून गेले आणि त्यांना ओळखलं नाही.

पुढचं मला काकांनी फोनवर सांगितलं. डॉक्टरांनी बाबांच्या हातात चौकटींचा एक कागद दिला, मधे एक टिंब, आणि विचारलं, कुठल्या रेषा वाकड्या दिसतात? चित्र मोठं करायला मुलांना अशाच चौकटी आखायला शिकवणारा माणूस. त्याने पेन्सिल मागितली आणि वाकड्या दिसणाऱ्या रेषा जशाच्या तशा वाकड्या काढून दाखवल्या. डॉक्टर बघतच राहिले. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार होता. मधलं दिसणं जातं, कडेचं राहतं. सुरुवातीला आलं तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन थोपवता येतं. कधीपासून, असं त्यांनी विचारलं.

‘अमेरिकेत असल्यापासून,’ बाबा म्हणाले.

इंजेक्शनं दिली. डाव्या डोळ्याला उपयोग झाला नाही, उजव्याला थोडा झाला आणि मग तोही गेला. आता त्यांना दार दिसतं, दारात उभं असलेलं माणूस दिसतं, त्याचा चेहरा दिसत नाही.

फोन ठेवल्यावर मी फ्रिजपाशी गेलो. वरून किराण्याच्या याद्या, शाळेचं कॅलेंडर आणि कसलीशी कुपनं अडकवलेली होती. ती काढली तर खाली खिडकी होती. उभी चौकट मधे फुगलेली, तिच्यामागच्या झाडाचं खोड त्याच जागी फुगलेलं, आणि झाडापलीकडच्या शेजाऱ्यांच्या कुंपणाची फळीही तिथेच. लाकडी घर सेटल झालं म्हणून झाड फुगत नाही. एवढं कळायला चित्रकला यावी लागत नाही. दिसत होतं ते त्यांनी तंतोतंत काढलं होतं, आणि ते सहा महिने माझ्या दुधाच्या कॅनसमोर लटकत होतं. मी रोज तो दरवाजा उघडत होतो.

मी बाबांना फोन करून रडलो. त्यांनी मला रडू दिलं आणि मग जेवलास का म्हणून विचारलं.

प्रवासाचा परवाना त्याच महिन्यात टपालाने आला. साधा एक कागद. बायकोने तो उघडून टेबलावर ठेवला. तो आता माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

भूगोलाचे काका मे महिन्यात त्या टूरला जाऊन आले होते, म्हणजे बाबांनी नाव मागे घेतल्यावर तीनच महिन्यांनी. त्यांनी याविषयी मला कधी काही म्हटलं नव्हतं. बाबांच्या डोळ्यांचं कळल्यावर मीच विचारलं, ‘काका, कसं होतं तिथे?’

‘पाऊस होता,’ ते म्हणाले. ‘म्हणून आम्ही सगळा वेळ आतच होतो. चौथरा चांगला उंच आहे. आपण जवळ गेलो की पाय बरोबर डोळ्यांच्या जरा वर येतो. मला चित्रातलं काय कळतंय? पण तुझ्या बाबांसाठी म्हणून मी पायच बघत उभा राहिलो.’ मग म्हणाले, ‘फोटोही काढले होते. दाखवायचे राहिले.’

आता दर रविवारी सकाळी मी बाबांना फोन करतो. तिकडे संध्याकाळ असते. शाळेने ड्रॉइंगचं पद रद्द केलं तेव्हा तो प्लास्टरचा पाय अडगळीत निघाला आणि कोणा विद्यार्थ्याने तो बाबांना आणून दिला. तो त्यांच्या खाटेशेजारी स्टुलावर असतो. बोलता बोलता ते त्याच्यावर हात फिरवत असतात, ते मला व्हिडिओत दिसतं. मी कॅमेऱ्यात चेहरा आणायचं सोडून दिलंय.

गेल्या रविवारी इथे पाऊस होता. तो त्यांना फोनमधून ऐकू आला.

‘पडतोय वाटतं तिकडे,’ ते म्हणाले. ‘ती तुझी यादी अजून आहे का? पावसाची?’

‘आहे.’

‘वाच की. बसल्या बसल्या जाऊन येऊ.’

मी फाइल उघडली. किती महिन्यांनी उघडली कोण जाणे. पहिल्याच ओळीवर पुतळा होता, कारण तो छपराखाली असतो आणि पावसासाठी मी तो मुद्दाम राखून ठेवला होता. मी रकाने वाचत गेलो. सोमवारी बंद. तिकीट आधी काढावं. छत्री दारात ठेवावी लागते. बाकं आहेत. व्हीलचेअर मिळते. इथे मी अडखळलो, ते त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

‘किती वेळ हवा,’ मी वाचलं. ‘किमान तीन तास.’

‘तीन तास?’ बाबांचा हात पायाच्या अंगठ्यावर थांबला होता. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ‘एवढे कशाला रे? मला चाळीस मिनिटं पुष्कळ झाली असती.’

मग ते म्हणाले, ‘पुढचं वाच.’

मी पुढची ओळ वाचली.